नेते म्हणतात, 'कुणालाही मागं न ठेवणारा, माणुसकीचा समाज घडवू.' खेड्यातल्या लोकांना हे खरं वाटतं का?

खरं वाटत नाही. तरी लोक सभेला जातात, टाळ्याही वाजवतात. तुम्हाला हे विसंगत वाटेल, आम्हाला वाटत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ऑनलाइन सेंटर चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, झेरॉक्स. गाव अजून त्याला 'सेतू'च म्हणतं. दुकान पाराला लागून आहे, म्हणून भाषण बसल्या जागी ऐकू येतं. पुढं त्या भाषणाची योजना होते, योजनेचा फॉर्म होतो आणि तो भरायला लोक माझ्याचकडं येतात.

मागच्या विधानसभेच्या वेळी एक उमेदवार बोलून गेले. अठरापगड जाती, आया-बहिणी, शेतकरी-शेतमजूर, सगळं मिळून आपलं एक कुटुंब, वगैरे. माझ्या ओट्यावर बसून खर्रा घोटत असलेले एक बुढे बावाजी म्हणाले, "कुटुंब म्हनते तं मंग पावसाळ्यात आमच्या पांदणीतून एकडाव बंडी हाकून दाखव म्हना." सगळे हसले. आमचा अविश्वास साधारण असा असतो. त्यात राग कमी आणि सवय जास्त.

माझा स्वतःचा अविश्वास मात्र वेगळ्या कारणानं आला. आमच्या गल्लीत एक काकू आहेत. काका दुसऱ्याची सहा एकर मक्त्यानं वाहायचे, कापूस आणि त्यात तुरीची तासं. सातबारा मालकाच्या नावावर, कर्ज गावातल्याच एकाकडून, चिठ्ठीवर. काकांनी आत्महत्या केली. अशा घराला सरकार १ लाख रुपये देतं, २००६ पासून तेवढेच: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. पण त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. जमीन कुटुंबात कुणाच्या तरी नावावर हवी आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं हवं. काका आयुष्यभर शेतीच करत होते, कागदावर मात्र शेतकरी नव्हते. प्रकरण अपात्र. पीएम किसानचे वर्षाचे ६ हजारही जमीन ज्याच्या नावावर त्यालाच, म्हणजे तेही मालकाच्या खात्यात.

मग आम्ही संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला. त्यात बीपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव लागतं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. काकूंचं नाव यादीत नव्हतं. निंदणाची मजुरी दिवसाला २५० धरली तर २१ हजार व्हायला ८४ दिवस पुरतात. म्हणजे बाईनं पंच्याऐंशीव्या दिवशी कामाला जायचं ठरवलं की ती निराधार राहत नाही! तलाठ्याच्या अहवालात ३६ हजार आले, अर्ज तिथंच थांबला. लोक खोटा दाखला का काढतात, हे शहरातल्या मित्रांना समजावता समजावता मी थकलो आहे.

आता न्यायाचं बोलायचं तर २०२४ मध्ये लाडकी बहीण आली आणि काकूंचा अर्ज पहिल्या झटक्यात मंजूर झाला. महिन्याला १,५०० रुपये. निवडणुकीपुरती योजना म्हणून मी तिची टिंगल केली होती. पण काकूंनी आधी किराणावाल्याची जुनी उधारी फेडली, मग चष्मा केला. त्यानंतर माझी टिंगल बंद झाली. हेतू मतांचा असला तरी चष्मा खराच असतो. हे मान्य करायला मला वेळ लागला.

सप्टेंबर २०२५ मध्ये या योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, सुरू झाली. फॉर्मवर बाईचा आधार क्रमांक, तिचा ओटीपी आणि त्यानंतर पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक, त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी. काकू समोरच्या स्टुलावर बसलेल्या. मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "नवरा मेला, बाप मेला. आता ओटीपीसाठी यमाले फोन लावू काय रे बापू?"

रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. काकू हसल्या नाहीत, त्यांनी आधार कार्ड परत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं.

पुढं अशा बायांनी कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडं द्यावीत अशी सोय झाली. आमच्याकडं काकांच्या मृत्यूचा दाखला तयारच होता, त्या अपात्र प्रकरणात जोडलेल्या कागदांची एक झेरॉक्स मी ठेवली होती. ती कामी आली.

तो फॉर्म बनवणारा माणूस काही दुष्ट नसणार. त्याच्या डोळ्यांपुढं जी बाई होती तिला नवरा तरी होता नाहीतर बाप तरी. दोघंही नसलेली बाई त्याला सुचलीच नाही, आणि ती योजना तर विधवा, निराधार बायांनाही आधार द्यायला निघाली होती. सर्वसमावेशक म्हणून कुणी भाषण ठोकलं की मला आता ती स्क्रीन आठवते. नेत्याचं मन मोठं आहे की नाही, हे मला कसं कळणार? फॉर्मवर कोण बसत नाही ते मात्र दिसतं, आणि ते दुरुस्त व्हायला किती महिने लागतात तेही.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर बरं दिसलं असतं. पण गोष्ट आमच्याकडंही येते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आमच्या गावानंही हात वर करून ठराव केला. फोटो निघाला, तोही मीच अपलोड केला. पुढच्या संक्रांतीला माझ्या घरी हळदीकुंकू. बायको म्हणाली, काकूंना बोलावते. आई म्हणाली, "तिले वाण नंतर घरी नेऊन दे, लोकं नावं ठेवतीन." मी दोघींच्या मधे उभा होतो आणि मोबाईलमध्ये बघत राहिलो. वाण घरी नेऊन दिलं. स्टीलची वाटी होती.

आम्ही गाडगेबाबांच्या मुलखातले. बाबा गावात आले की दिवसा झाडू घेऊन गाव साफ करायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. आमच्याकडं रात्रीचं कीर्तन तेवढं उरलं आहे, नेत्यांकडंही आणि माझ्या घरीही.

मग विश्वास कशावर ठेवायचा? मी तरी एवढंच बघतो की बोललेल्याचा नियम झाला का. नियम झाला की भांडता येतं. 'आम्ही तुमच्या पाठीशी आहोत' या वाक्यावर भांडता येत नाही, त्याला अपीलही नसतं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर, १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात, हे गावात किती जणांना माहीत आहे? घरपट्टी-पाणीपट्टी मिळून २ लाख जमले तर दिव्यांगांचे १० हजार होतात. रक्कम मोठी नाही. पण पाराजवळच्या पोलिओ झालेल्या पोराच्या कुबड्या त्यात येतात. 'सर्वांचा विकास' यापेक्षा मला त्या १० हजारांचा हिशेब जास्त कळतो.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी तो विचारला. आधी गणपूर्ती नव्हती. १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तेवढे लागतात. अर्ध्या तासानं सभा तहकूब करून पुन्हा घेतली, तेव्हा तीसेक माणसं होती. काकू आल्या होत्या, मागं भिंतीला टेकून. मी उभा राहिल्यावर एक सदस्य म्हणाला, "तू तं दुकानदार, तुले कायले पाहिजे?" मी म्हटलं, घरपट्टी मीबी भरतो भाऊ. उत्तर आलं, "माहिती घेऊन सांगतो." तेवढ्यात काकूंनी मागून विचारलं, "कवा सांगान?" बाईमाणसाचा आवाज आला म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं.

तारीख मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी प्रश्न लेखी दिला. काकूंनी खाली सही केली, त्यांना सही येते हे मला तेव्हा कळलं. पुढची सभा १ मेला. अर्जाच्या प्रतीवर पोच घेऊन ठेवली आहे.