पाकीट फाडण्याआधी थांब

एंडोस्कोपी (दुर्बिणीने पोट-आतडं तपासायच्या) रूममध्ये नवीन लागली आहेस आणि कचरा कमी करायचा आहे, तर आधी कचऱ्याच्या पिशव्यांत काय जातंय ते बघ. लाल पिशवीत कोरी वेष्टनंच ढिगाने सापडतील. ती रुग्णाच्या टेबलापाशी यायच्या आत बाजूला काढ, तो साधा सुका कचरा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत लाल पिशवी आहे ती दूषित प्लास्टिकसाठी: सक्शनची नळी, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज. हेच पिवळ्यात पडलं, की भट्टीत जातं.

खरी बचत मात्र ट्रॉलीवर होते. फोर्सेप्स (तुकडा घ्यायचा चिमटा), स्नेअर (पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावरची गाठ, कापायचा तारेचा फास) हाताशी ठेव, पण पाकीट डॉक्टरांनी मागितल्यावरच फाड. ‘असू दे तयार’ म्हणून फाडलेलं स्नेअर पॉलिप सापडला नाही की न वापरताच कचऱ्यात. काही सिनियर यावर चिडतात, चिडू देत.

काट मारलेल्या २ ची खूण असलेली, म्हणजे एकदाच वापरायची वस्तू धुऊन पुन्हा वापरायची नाही, वरून कितीही दबाव आला तरी. बाइट ब्लॉक (रुग्णाच्या दातांत धरायचा), फोर्सेप्स, दुर्बिणीचे व्हॉल्व्ह ऑटोक्लेव्ह होणारे, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून पुन्हा वापरता येणारेही मिळतात. पण ते मागवण्याआधी ब्रशने नीट घासायला माणूस आणि वेळ आहे का, हे इनचार्ज सिस्टरना विचार.