शहाणं बाळ रडत नाही

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. धुळ्याच्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्रात, रुजू होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच अकरा महिन्यांचं डाउन सिंड्रोमचं बाळ तुझ्यासमोर आलं. आई म्हणाली, "फार शहाणं आहे हो, रडतच नाही." बाळ तुझ्याकडे बघून गोड हसलं आणि तू फाइलमध्ये लिहिलंस, 'सामाजिक संवाद चांगला.' आज फक्त त्या एका ओळीबद्दल लिहिते.

'शहाणं बाळ' हे शब्द मी गेली सत्तावीस वर्षं ऐकते आहे. आईचं काही चुकत नाही. या बाळांचे स्नायू सैल असतात, रडण्यातही जोर नसतो. भूक लागली, कंटाळा आला, कुशीत घ्या, हे सांगणाऱ्या खुणा इतक्या बारीक की कामाच्या धबडग्यात त्या निसटतात. मग शांत बाळ पाळण्यातच राहतं, त्याला कमी उचललं जातं, त्याच्याशी कमी बोललं जातं.

पुढे ते हसायला लागतं आणि सगळ्यांना लळा लावतं. पाच-सहा महिन्यांची इतर बाळं आईचा चेहरा सोडून खुळखुळ्याकडे वळू लागतात, तेव्हा हे बाळ माणसांच्या चेहऱ्यातच रमलेलं असतं. हा त्याचा खरा गुण आहे, त्याच्यावरच आपल्याला पुढचं सगळं उभं करायचं आहे. पण संवादाला माणसाबरोबर वस्तूही लागते. चेंडूकडे बघायचं, मग आईकडे, मग परत चेंडूकडे. ही नजरेची ये-जा या मुलांना जड जाते, आणि त्यातही सगळ्यात मागे पडतं ते मागणं. हसण्यात, खेळात ती मागे नसतात. 'मला ते दे' हे नजरेनं किंवा हातानं सांगण्यात मागे पडतात.

असं का, ते खोलीत बसून पाहा. आईला घरून नाचणीचं सत्त्व आणायला सांग. ती वाटी समोर धरते, बाळ वाटीकडे बघतं आणि तेवढ्यात चमचा तोंडात जातो. एकदा मी एका आईचा हात हलकेच धरला आणि मनात आकडे मोजू लागले. पाचापर्यंत काहीच नाही. सातावर बाळाची बोटं उघडली. नवावर त्यानं वाटीवरची नजर उचलून आईकडे पाहिलं आणि घशातून बारीकसा 'अं' काढला. आई म्हणाली, "हे असं करतं, मला माहीतच नव्हतं." या बाळांना उत्तर द्यायला जास्त वेळ लागतो. आपण तिसऱ्या सेकंदाला बोलून मोकळे होतो आणि त्याची पाळी खाऊन टाकतो. दहापर्यंत मोजायचं. रडवायचं मात्र नाही, नजर आली की लगेच चमचा.

या मुलांच्या मेंदूत काय वेगळं असतं, हेही तू विचारलंस. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, त्याचा परिणाम गर्भातच सुरू होतो. चेतापेशी कमी तयार होतात. अनुमस्तिष्क, म्हणजे मागचा लहान मेंदू, आकारानं लहान राहतो, आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पसही. पण चेतापेशींच्या फांद्या जन्माच्या सुमारास बऱ्यापैकी इतर बाळांसारख्या असतात, त्या खुरटतात नंतरच्या महिन्यांत आणि वर्षांत. म्हणून आपण लवकर सुरुवात करतो. आईबाबांना मात्र थेरपीनं सगळं भरून निघेल असं कधी सांगू नकोस, आणि मेंदूच्या टॉनिकवर पैसे घालवण्याआधी त्यांना थांबव. असं कुठलंही औषध सिद्ध झालेलं नाही.

आता कान. इथे मी स्वतः चुकले आहे. दीड वर्षाच्या एका मुलीबरोबर पाच महिने 'बाबा', 'बॉल' करत बसले होते आणि दर वेळी 'लक्ष कमी' असं लिहीत होते. कान वाहत नव्हता, दुखतही नव्हता. ईएनटी डॉक्टरांनी पाहिलं तर दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी. ते पाच महिने मला परत देता आले नाहीत. या मुलांपैकी पाऊण मुलांपर्यंत ऐकण्याचा काही ना काही त्रास आढळतो. कानाची नळी अरुंद असते, पाणी साचतं आणि तिथेच राहतं. म्हणून जन्मानंतरची ओएई, म्हणजे कानाची प्राथमिक चाचणी, पास आहे यावर विसंबू नकोस. बेरा, म्हणजे आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी चाचणी, सांग, आणि पुढे दर सहा महिन्यांनी कान तपासायला लाव. थायरॉइडची तपासणी आणि हृदयाचं टूडी इको झालंय का, तेही त्याच दिवशी विचार.

घरोघरी बाळाला 'जय कर', 'टाटा कर' शिकवलेलं असतं आणि या मुलांना ते छान जमतं, कारण ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं त्यांच्या जास्त लक्षात राहतं. पण ते आपण सांगितल्यावर केलेलं असतं. त्याच हातांना 'अजून', 'दे', 'संपलं' या खुणा शिकव, प्रत्येक वेळी तोंडानं शब्द म्हणत. त्याला समजतं पुष्कळ, बोलणं मात्र मागून येतं. मधली ती दोन-तीन वर्षं हातांनी निभावतात. 'खुणा केल्या तर बोलणारच नाही' असं आजी म्हणेल. तसं होत नाही, शब्द यायला लागले की खुणा आपोआप गळतात.

आणि त्या आजीला अहिराणीतच बोलू दे. दोन भाषांनी ही मुलं गोंधळतात या समजापायी घरातलं सगळ्यात गप्पिष्ट माणूस गप्प बसवलेलं मी पाहिलं आहे, आणि मला त्याचा फार राग येतो.

एक सांभाळ. हसणं, नजर देणं हेच जर एखाद्या मुलात नसेल, तर 'डाउनमध्ये असतंच' म्हणून सोडू नकोस. काहींना सोबत ऑटिझमही असतो.

पुढच्या वेळी त्या आईला वाटी-चमचा घेऊनच बोलाव. तिची परवानगी घेऊन दोन मिनिटांचा व्हिडिओ काढ, आपण दोघी तो आवाज बंद करून बघू. फाइलमधली ओळ खोडू नकोस, खाली तारीख घालून लिही: 'हसतं, चेहऱ्याकडे बघतं. मागतं का, ते पाहायचं आहे.'

तुझी,
मॅडम