सर्व्हर भाड्याने घेतलाय, आता पुढे काय?

गेल्या महिन्यात स्वतःच्या वेबसाईटबद्दल लिहिलं तेव्हापासून इनबॉक्स भरलाय. त्यातले पाच प्रश्न घेतोय, थोडे छोटे करून.

दादा, मी सांगलीला डिप्लोमाला आहे. स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घेऊन उबुंटू लिनक्स टाकलं. दुसऱ्याच दिवशी लॉगमधे बघितलं तर हजारो वेळा कोणीतरी पासवर्ड ट्राय करतंय. मला कोणी टार्गेट केलंय का?

नाही रे बाबा, तुला कोण ओळखतंय! पब्लिक आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) दिसला की बॉट्स (आपोआप चालणारे प्रोग्राम) येऊन २२ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे लॉगिनच्या दारावर, रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट असली नावं टाकून कडी हलवून बघतात, सगळ्यांच्याच दाराची. उपाय म्हणजे पासवर्डने लॉगिनच बंद. लॅपटॉपवर ईडी२५५१९ प्रकारची की (पासवर्डऐवजी चालणारी, पब्लिक आणि प्रायव्हेट अशा दोन फायलींची जोडी) बनव, पब्लिक की सर्व्हरवर टाक, प्रायव्हेट की लॅपटॉपवरच राहू दे, आणि पहिली विंडो बंद न करता दुसऱ्या विंडोतून कीने लॉगिन होतंय का ते आधी बघ. मगच एसएसएचच्या (दूरून लॉगिन करायच्या सर्व्हिसच्या) सेटिंगमधे पासवर्ड ऑथेंटिकेशन 'नो' कर.

इथे एक गंमत आहे. सर्व्हर देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या उबुंटूत मेन फाईलमधे 'नो' केलं तरी पासवर्ड चालूच राहतो आणि माणूस डोकं धरून बसतो. कारण शेजारच्या फोल्डरमधे क्लाऊड-इनिटची (नवा सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग लावणाऱ्या प्रोग्रामची) एक छोटी फाईल असते, तिच्यात 'येस' लिहिलेलं असतं, ती आधी वाचली जाते आणि एसएसएच जी व्हॅल्यू पहिल्यांदा दिसेल तीच धरतं. ती फाईल पण बदल, सर्व्हिस रीस्टार्ट कर, आणि लॉगिन करून बघितल्याशिवाय झालं असं समजू नको.

आणि हो, यूएफडब्ल्यू फायरवॉल (कुठला पोर्ट उघडा ठेवायचा ते ठरवणारा पहारेकरी) चालू करायच्या आधी ओपनएसएसएचला, म्हणजे त्या लॉगिनलाच, परवानगी दे. मी एकदा रात्री दीड वाजता उलट्या क्रमाने केलं आणि स्वतःच बाहेर राहिलो, शेवटी कंपनीच्या पॅनेलमधल्या ब्राउझर कन्सोलमधून आत शिरलो. तो कन्सोल कुठे आहे ते आजच शोधून ठेव.

ठाण्याहून विचारतेय. वडिलांचे तीसेक वर्षांचे लेख साईटवर ठेवायचेत. वर्डप्रेस टाकू का? काही लेख जुन्या फॉन्टमधे आहेत, कॉपी केले की नुसता कचरा येतो.

ताई, लेख फक्त वाचायचे असतील तर वर्डप्रेस कशाला? त्याच्याबरोबर पीएचपी आलं, डेटाबेस आला, प्लगिन आले, आणि त्या सगळ्यांचे अपडेट करत बसणं आलं. ह्यूगोसारख्या टूलने साध्या एचटीएमएल फायली तयार करा आणि एनजिनएक्स किंवा कॅडी या वेब सर्व्हर प्रोग्रामने दाखवा, १ जीबी रॅममधे आरामात चालतं.

खरं काम फॉन्टचं आहे. श्रीलिपी, शिवाजी वगैरे जुन्या फॉन्टांत 'क' म्हणून जे दिसतं ते आतून इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह असतं, वर नुसता मराठी मुखवटा. म्हणून फॉन्ट काढला की कचरा. कन्व्हर्टरने युनिकोडमधे आणा, पण त्या फॉन्टसाठीचाच कन्व्हर्टर घ्या, आणि रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व इकार हे डोळ्यांनी तपासा कारण तिथे हमखास गडबड होते. फायली यूटीएफ-८ मधे सेव्ह करा.

शिवाय पानाच्या सुरवातीला भाषेचा कोड 'एमआर' द्या, हिंदीचा नको. फॉन्टात सोय असेल तर तेवढ्यावर पाकळीचा ल आणि देठाचा श येतो, नाहीतर हिंदी वळणाचा. राज्य सरकारने २००९ च्या निर्णयात हीच रूपं ठरवलीत, आणि वडिलांना तो फरक पहिल्या ओळीत दिसेल बघा!

तीन महिने साईट मस्त चालली, अचानक 'सुरक्षित नाही' असा लाल इशारा. काहीच बदललं नव्हतं हो.

तीन महिने म्हणजे ९० दिवस. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट (एचटीटीपीएससाठी लागणारा दाखला) तेवढंच टिकतं. सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप रिन्यू करतो, पण नेहमीच्या पद्धतीत साईट तुमचीच आहे ना याची तपासणी ८० नंबरच्या पोर्टवरून होते आणि माझा अंदाज, 'एचटीटीपीएस आहे मग ८० कशाला' म्हणून तुम्ही तो मधे कधीतरी बंद केला असणार (बहुतेक जण करतात). उघडा, आणि सर्टबॉटची ड्राय-रनवाली (नुसती तालीम करणारी) रिन्यू कमांड चालवून बघा. पूर्वी मुदत संपायच्या आधी लेट्स एन्क्रिप्टची ईमेल यायची, जून २०२५ पासून तीही बंद झाली. कॅलेंडरमधे आठवण लावा.

त्याच सर्व्हरवर स्वतःच्या डोमेनची ईमेल पण चालवू का?

नको. बऱ्याच कंपन्या मेल पाठवायचा २५ नंबरचा पोर्ट बंदच ठेवतात. उघडून मिळाला तरी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, रिव्हर्स डीएनएस (मेल खरंच तुमच्याकडूनच आली हे दाखवणाऱ्या नोंदी) सगळं नीट लावूनही तुमची मेल समोरच्याच्या स्पॅममधे जाऊ शकते, कारण आधीच्या भाडेकरूने तो आयपी बदनाम करून ठेवलेला असू शकतो. मेलसाठी वेगळी सर्व्हिस घ्या.

पुण्यातून. बाहेरच्या कंपनीचा सर्व्हर होता, कार्डातून पैसेच गेले नाहीत, कंपनीची मेल स्पॅममधे, सर्व्हर डिलीट. स्नॅपशॉट (पूर्ण सर्व्हरच्या कॉपी) घेतलेले होते. डेटा मिळेल का?

बहुधा नाही, तरी सपोर्टला आजच लिहा, काही ठिकाणी थोडे दिवस ठेवतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डातून दरमहा आपोआप पैसे जायला बँकेत नोंदणी लागते, ती नसली की पेमेंट फेल. म्हणून सोय असेल तिथे सहा महिन्यांचे पैसे आधीच भरून टाकायचे, भारतातल्या बिलावर १८ टक्के जीएसटी धरून.

स्नॅपशॉट होते म्हणताय, पण ते त्याच अकाउंटमधे होते ना? अकाउंटबरोबर तेही गेले. मी रोज पहाटे चारला क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) सगळं घरच्या जुन्या लॅपटॉपवर आरसिंक (फायली कॉपी करायचं टूल) करतो, जुन्या तारखांच्या कॉपी पण ठेवतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या बॅकअपवरून नवा सर्व्हर उभा करून बघतो. मागच्या वेळी सगळं आलं, फक्त फोटोंचा फोल्डर राहिला होता, यादीत टाकायलाच विसरलो होतो.