तिसऱ्यांदा दिवस गेलेत आणि आनंद होत नाहीये, हे पाप आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही कॅथलिक आहात, पुण्यात राहता, दोन मुलं आहेत, धाकटं नऊ महिन्यांचं आणि आता परत टेस्ट पॉझिटिव्ह आलीये, नवरा आणि सासरचे खूश आहेत पण तुम्हाला नुसतं रडू येतंय, तर हे पाप आहे का. नाही, पाप नाहीये. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, अगदी हेच मी कन्फेशनला फादरना विचारलं होतं, कारण आमचं तिसरंही असंच न ठरवता राहिलं. आम्ही वडगाव शेरीला राहतो, तेव्हा मोठा सिनियर केजीत होता आणि धाकटी जेमतेम रांगायला लागलेली. फादर म्हणाले, पाप व्हायला आपण समजून-उमजून, स्वतःच्या मर्जीने त्याला होकार द्यावा लागतो. भीती वाटली, नकोसं वाटलं, तर त्याला तुम्ही कुठे होकार दिलाय, ते नुसतं मनात आलंय.

'देवाची देणगी आहे, तो बघेल' हे तुम्हाला आता रोज ऐकायला मिळणार. माझ्या सासूबाई श्रीरामपूरकडच्या, त्यांनी तर फोनवरच हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे तिथल्या मरियामातेला, नवस बोलून टाकला. मुलं देवाची देणगी असतात हे मीही मानते, मनापासून मानते. पण तेवढं बोलून बाईचं बोलणंच बंद करायचं हे मला अजिबात पटत नाही, आणि चर्चची शिकवणही तशी नाहीये. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी 'ह्युमाने व्हिते' हे पत्रक काढलं, लोकांना त्यातलं गर्भनिरोधकं चालत नाहीत एवढंच माहीत असतं, पण त्यातच जबाबदार पालकत्वाबद्दलही आहे, की तब्येत, पैसा, मनाची अवस्था, घरची परिस्थिती अशी खरी कारणं असतील तर नवरा-बायकोने पुढचं मूल लांबवणं योग्यच आहे. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस मनिलाहून परत जाताना विमानात पत्रकारांशी बोलले तेव्हा त्यांनी सात सिझेरियननंतर आठव्यांदा गरोदर असलेल्या एका बाईचं उदाहरण दिलं आणि म्हणाले हा बेजबाबदारपणा आहे, चांगला कॅथलिक व्हायला एकामागून एक मुलं व्हायलाच पाहिजेत असं काही नाही. म्हणजे तुम्ही घाबरलात ती काळजी चर्चलाही कळते.

हे झालं कसं, असंही तुम्ही विचारलंय, पाळी तर आलीच नव्हती म्हणून. अंगावर पाजत असताना सहसा दिवस राहत नाहीत हे खरं आहे पण तीन गोष्टी एकदम असतील तरच, बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरच्या दुधावर, आणि पाळी सुरू झालेली नाही. बाळाला वरचं भरवायला लागलो, रात्रीचं पाजणं कमी झालं की बीजांड तयार व्हायला लागतं आणि ते पाळीच्या आधी होतं, त्यामुळे पाळी यायची वाट बघत बसलेल्या बाईला काही कळतच नाही. ह्यात तुमचा दोष शोधू नका.

तुमची आधीची दोन्ही सिझेरियन असतील (माझी होती) तर एक काम लगेच करा, सहाव्या ते आठव्या आठवड्यात सोनोग्राफी. गर्भ जुन्या टाक्यांच्या जागी तर रुजला नाही ना हे तेव्हाच कळतं, आणि नंतर वार (प्लासेंटा) कुठे आहे तेही बघतात, कारण प्रत्येक सिझेरियननंतर वार खाली राहण्याचा आणि टाक्यात चिकटण्याचा धोका वाढत जातो. दोन बाळंतपणांत कमी अंतर असलं की रक्तही कमी असतं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, माझं बरंच खाली होतं. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमचीही वेगळ्या वेळेला घ्या, लिंबू पाणी चालतं. धाकट्याला एकदम तोडायची गरज नसते, डॉक्टरांना विचारून पाजू शकता, पण मधल्या महिन्यांत दूध आपोआप कमी होतं. माझी पोरगी तेव्हा रात्री चिडून रडायची, मी पण रडायचे, मग तिला झोपायच्या आधी नाचणीसत्त्व भरवायला लागलो तेव्हा कुठे दोघींना झोप लागायला लागली.

लोक बोलतात. सोसायटीत 'एवढं शिकून तिसरं?' असं तोंडावर विचारलंय मला. ऑफिसातल्या मैत्रिणीनं सुचवलं की अजून लवकर आहे, गोळ्या मिळतात. ती काळजीनेच बोलली, मला तिचा राग आला नाही, पण माझ्या मनात ते बाळ होतं, माझंच, आणि मला ते जन्माला घालायचं होतं, नकोसं वाटत असतानाही. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. तपासणीला गेले तर सिस्टर बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, 'मग ह्या वेळी ऑपरेशन करूनच टाकायचं ना?' आणि उत्तराची वाट न बघता केसपेपरवर लिहायला लागली. मी म्हटलं, थांबा, हे आम्ही दोघं ठरवणार आणि मग सांगणार. आपल्या कॅथलिकांमध्ये नसबंदी चालत नाही, आम्ही बिलिंग्ज मेथड, म्हणजे अंगावरून जाणाऱ्या स्रावावरून दिवस राहू शकणारा काळ ओळखायची पद्धत, नीट शिकायचं ठरवलं, प्री-मॅरेज कोर्समध्ये वरवर ऐकलं होतं ते ह्या वेळी आमच्या चर्चच्या पॅरिशमधल्या एका जोडप्याकडून तक्ता भरून शिकलो. बाळंतपणानंतर पाळी येईपर्यंत लक्षणं ओळखणं अवघड असतं, त्यामुळे एकट्याने शिकू नका, नवऱ्यालाही बसवा.

नोकरी असेल तर हेही बघून ठेवा, २०१७ च्या बदलानंतर २६ आठवड्यांची रजा पहिल्या दोन मुलांपर्यंतच आहे, तिसऱ्याला १२ आठवडे मिळतात आणि त्यातले जास्तीत जास्त सहा बाळंतपणाआधी घेता येतात. आणि तुमच्यापैकी कोणी महाराष्ट्र सरकारच्या नोकरीसाठी परीक्षा देत असेल तर २००५ चा लहान कुटुंबाचा नियम वाचा, तिसऱ्या मुलामुळे उमेदवार अपात्र ठरतो. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

पण सगळ्यात आधी नवऱ्याशी बोला. तुम्ही लिहिलंय की तो इतका खूश आहे की त्याला सांगवत नाही. मीही बरेच दिवस गप्प होते, शेवटी रविवारी चर्चमधली मिस्सा (प्रार्थना) सुटल्यावर मुलं बाहेर खेळत होती तेव्हा त्याला सरळ म्हटलं, मला आनंद होत नाहीये, मी दमलेय, मला भीती वाटतेय. तो आधी गोंधळला, मग म्हणाला मलापण पैशांचं टेन्शन आहे, तुला सांगितलं नाही. त्या दिवशीच कामं वाटून घेतली, सकाळचे डबे आणि मोठ्याला शाळेत सोडणं त्याच्याकडे, रात्री धाकटी उठली तर एक दिवसाआड. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू मुलांना तास-दीड तास सांभाळायच्या, त्यांना नुसतं विचारलं तर लगेच हो म्हणाल्या.

रडणं दोन आठवड्यांच्या वर चाललं, झोप उडाली, जगणंच नको वाटलं, तर प्रार्थना करा पण त्यावरच थांबू नका, डॉक्टरांना सांगा किंवा टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सोनोग्राफीची तारीख मात्र ह्याच आठवड्यात घ्या, आणि जाताना नवऱ्याला बरोबर न्या.