सत्तरीनंतर खुब्याचं हाड मोडलं, तर जुळवायचं की गोळा बदलायचा?

तुमचे वडील ७४ वर्षांचे, निफाडला कांद्याच्या चाळीत घसरले, खुब्याच्या मानेत, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागात, हाड मोडून सरकलं. नाशिकचे डॉक्टर गोळा बदला म्हणतात. भावकी म्हणते कॅल्शियम द्या, वजन लावून झोपवा, जुळेल.

नाही जुळणार. गोळ्याचं रक्त मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक धमन्यांतून येतं. मान सरकली की त्याच तुटतात. गोळा ज्यात फिरतो त्या वाटीकडून येणाऱ्या धमनीवर मोठ्या माणसाचा गोळा तगत नाही.

रक्त थांबल्यावर हाडातल्या पेशी एक-दोन दिवसांत मरतात. एक्स-रेत मात्र गोळा कित्येक महिने ठणठणीत दिसतो, कारण हाडातला चुना (कॅल्शियम) जागेवरच असतो. मेलेलं हाड लगेच कमजोरही होत नाही. घात होतो दुरुस्तीत. नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, जुनं हाड खाल्लं जातं आणि नवं भरायच्या आत वजन पडून गोळा चेपतो. वयानुसार हाडाच्या मगजात चरबी वाढते, हाड घडवणाऱ्या पेशी कमी पडतात, खाणाऱ्या मात्र थांबत नाहीत. इथे कॅल्शियम म्हणजे गवंडी नसताना आणून टाकलेल्या विटा. म्हणून साठीच्या आत स्क्रू टाकून गोळा वाचवायची धडपड करतात, सत्तरीनंतर बहुधा बदलतात.

'आमच्या काकांचं झोपूनच जुळलं' हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. काकांचं दोन बोटं खाली मोडलं असणार. तिथे रक्त भरपूर, हाड जुळतं. तरी आता तिथेही रॉड टाकतात. कारण म्हाताऱ्याला आठवडेच्या आठवडे झोपवलं की पाठीला जखमा, न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गाठी. 'वय झालंय, ऑपरेशन झेपणार नाही' म्हणणाऱ्यांना हे झोपणं कसं झेपतं वाटतं, देव जाणे! शक्यतो दोन दिवसांत ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी वॉकर.

हाड सरकलं नसतं तर स्क्रूवर भागलं असतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. तंबाखू बंद, निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, जखम रेंगाळते. नंतर डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी), ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) तपासून वर्षातून एकदा हाडांची झीज रोखणारं ५ मिलिग्रॅम झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन देतात, ते विचारा. आणि घरी येण्याआधी कमोडची खुर्ची आणून ठेवा. उकिडवं बसताना नवा गोळा वाटीतून निसटू शकतो.