आपल्याच सोसायटीच्या आवारात पालापाचोळा जाळला तर चालतं का?

तुम्ही विचारलंय की ठाण्यात वर्तकनगरला तुमच्या सोसायटीत माळी रोज सकाळी झाडून काढलेला पाला मागच्या भिंतीशी पेटवतो. सेक्रेटरी म्हणतात, "जागा आपली, पाला आपला, आपण काय प्लास्टिक जाळतोय का?" हे नियमात बसतं का, तक्रार कुठे करायची, आणि वॉचमनची शेकोटीही यातच येते का?

नियमात बसत नाही. नुसता पाला असला तरी नाही आणि जागा सोसायटीची असली तरी नाही.

पण सेक्रेटरींचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, म्हणून आधी तेच बघू. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत (एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आले) म्हटलं होतं की कुणीही आपला कचरा रस्त्यावर, आपल्या आवाराबाहेरच्या सार्वजनिक मोकळ्या जागेत, गटारात किंवा पाण्यात टाकू नये, जाळू नये, पुरू नये. त्यातला "आवाराबाहेर" एवढाच शब्द धरून बऱ्याच सोसायट्या म्हणतात की आत चालतं. त्याच नियमात बागेचा कचरा आवारात वेगळा साठवून पालिका सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावायची, असंही होतं, ते कुणी वाचलं नाही. आणि जी फट राहिली होती ती राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने बुजवली. कचऱ्याच्या प्रश्नावर दाद मागणाऱ्या अलमित्रा पटेल यांच्या प्रकरणात २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशाने उघड्यावर कचरा जाळायला देशभर पूर्ण बंदी घातली, अगदी डम्पिंग ग्राउंडवरसुद्धा. साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,००० रुपये पर्यावरण भरपाई. सोसायटीच्या सभेत वाद झाला तर हा आदेश छापून न्या.

शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८० आहे, हवा आरोग्याला अपायकारक केल्याबद्दल १,००० रुपयांपर्यंत दंडाचं. आग हाताळताना निष्काळजीपणाने कुणाचा जीव धोक्यात घातला तर कलम २८७ लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ढीग झाडाच्या बुंध्याशी पेटवत असतील तर १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदाही आहे, त्यात झाड जाळणं हे तोडण्यातच धरलंय.

आता माझा अनुभव सांगते, कारण नुसती कलमं दाखवून आमच्याकडे काहीच थांबलं नव्हतं.

मी तुमच्यापासून लांब नाही, पोखरण रोड नंबर दोनला राहते. आईला दमा आहे. डिसेंबर ते मार्च ती सकाळी साडेसहाला खिडक्या लावून घ्यायची, सरकत्या काचेच्या फटीत ओला पंचा दाबायची आणि पंप हाताशी घेऊन बसायची. आम्हाला वाटायचं, थंडीचा त्रास. एका रविवारी मी खाली जाऊन तो ढीग नीट पाहिला. बदामाच्या झाडाखाली राख होती, बुंध्याची साल गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळी पडून तडकली होती. काडीने राख उकरली तर दुधाच्या पिशवीचा जळका कोपरा, शाम्पूची पाऊचं, गुटख्याच्या पुड्या आणि थर्माकोल वितळून झालेला काळा खडा निघाला. "आपण फक्त पाला जाळतो" असं आम्हीही म्हणत होतो. पण खराटा निवड करत नाही, वाटेत येईल ते सगळं ढिगात जातं.

बरं, नुसता पालासुद्धा निरुपद्रवी नाही. दवाने भिजलेला पाला भडकत नाही, तासन् तास धुमसतो, आणि धुमसणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड आणि बारीक कण जास्त निघतात. हे पीएम २.५ म्हणतात ते कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहून लहान असतात, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. त्यात हिवाळ्यातल्या सकाळी जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, वर उबदार थर झाकणासारखा बसलेला असतो. धूर वर जातच नाही, दोन विंगांच्या मधे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर साचून राहतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर.

मी माळीकाकांवर रागावूनच गेले होते. ते म्हणाले, "ताई, घंटागाडीवाला पाल्याची पोती घेत नाही. भिंतीशी ठेवली तर चेअरमन ओरडतात. मी न्यायची कुठं, तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. काका मुरबाडचे. पुढे म्हणाले, "आणि आमच्याकडं राब भाजतातच की." तेही खरंच आहे, भाताच्या रोपासाठी उन्हाळ्यात वाफ्यावर पाला-शेण पसरून भाजणं ही आपल्या जिल्ह्यातली जुनी रीत आहे. पण राब उघड्या माळावर, वर्षातून एकदा. इथे चार विंगांच्या मधे रोज सकाळी, आणि वर झोपलेली लहान मुलं आणि म्हातारी माणसं. हे मी त्यांना तसंच सांगितलं आणि त्यांना पटलंही. तरी पोती न्यायची कुठे हा प्रश्न उरलाच, म्हणून तुम्हीही सुरुवात तिथूनच करा.

आम्ही वेल्डमेशची जाळी आणून चार फूट रुंद, साडेतीन फूट उंच गोल पिंजरा उभा केला. एक थर पाल्याचा, वर शेणकाला किंवा आंबट ताकाचं पाणी, मूठभर माती, पुन्हा पाला. ओल इतकीच हवी की मूठ आवळली तर हाताला लागेल पण पाणी गळणार नाही. पंधरा दिवसांनी फावड्याने खालचं वर. बदामाची पानं जाड, ती लवकर कुजत नाहीत. काका ती फरशीवर पसरून पायाने चुरतात आणि मग टाकतात. तिसऱ्या आठवड्यात मी ढिगात हात घातला तर आत चांगलं गरम होतं. चार महिन्यांनी तळाशी काळं, भुसभुशीत खत निघालं, पिंपळाच्या पानांच्या नुसत्या शिरा जाळीदार राहिल्या होत्या. ५,००० चौरस मीटरहून मोठ्या सोसायटीने कुजणारा कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा हे त्याच २०१६ च्या नियमांत होतं. जाळीचा खर्च कमिटीकडे हक्काने मागा.

एवढं करूनही जाळणं चालूच राहिलं तर तक्रार कराच. तुमच्यासाठी वर्तकनगर प्रभाग समितीचं कार्यालय. सहाय्यक आयुक्तांच्या नावाने लेखी अर्ज द्या, तारीख-वेळ दिसणारे दोन-तीन दिवसांचे फोटो जोडा, पोच घ्या. नवी मुंबईतून कुणी वाचत असेल तर तिथे विभाग कार्यालय. दाद लागली नाही तर 'आपले सरकार' पोर्टल. आग पसरताना दिसली तर अर्जबिर्ज नंतर, आधी १०१. माझी एकच विनंती, तक्रार सोसायटीच्या नावाने करा, माळ्याच्या नावाने नको. त्याला कामाला लावणारे आपणच आहोत.

वॉचमनचं म्हणाल तर खोकी, टायर, मोडकं फर्निचर जाळून केलेली शेकोटी हेही कचरा जाळणंच. पण रात्री त्याला थंडी वाजते ती खरी आहे. आमच्या केबिनला दारच नव्हतं, नुसती चौकट. दार बसवलं, जाड जाकीट आणि कानटोपी दिली, शेकोटी आपोआप बंद झाली. दार बसवल्यावर आत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू देऊ नका. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणूस जातो, वाससुद्धा येत नाही.

होळीचं कुणीतरी विचारेलच. होळी म्हणजे कचरा जाळणं नव्हे, चेंदणी कोळीवाड्यासारख्या ठिकाणी तर तो वर्षाचा मोठा सण आहे. फक्त तिच्यात टायर, प्लास्टिक, जुन्या गाद्या टाकू नका आणि त्यासाठी उभं झाड तोडू नका. गोवऱ्या आणि वाळलेली लाकडं पुरतात.

आणखी एक, कारण येऊर तुमच्या पाठीशीच आहे. "आत नको तर टेकडीच्या कडेला नेऊन पेटवू" असं कुणी सुचवलं तर जागेवर थांबवा. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा. तिथे जंगलाला धोका होईल अशी आग लावणं किंवा लावून सोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वणवा आटोक्यात राहावा म्हणून वनखातं तिथे जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढतं, आणि उन्हाळ्यात गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी पुरते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्जन्यवृक्ष झडायला लागले की पाला आवरत नाही, त्याआधी जाळी उभी करा. आणि एक नाही, दोन करा. एक भरत असते तेव्हा दुसरी मुरत असते.