बाबांनी अवयवदानाचा फॉर्म भरलाय, पण आत्या विरोधात आहे. कायद्याने कुणाचं चालतं?

तुमचा प्रश्न मला असा कळला: बाबा नाशिकचे, पण वर्षातले काही महिने हैदराबादला थोरल्या मुलाकडे असतात. त्यांनी फॉर्म भरलाय, तुम्हा भावंडांची हरकत नाही. आत्या मात्र म्हणते, ‘माझ्या भावाची चिरफाड होऊ देणार नाही.’ मग फॉर्मला किंमत किती, आणि हैदराबादला कायदा वेगळा का?

मी काही वर्षं एका रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक होतो. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांशी हा विषय काढायचं काम माझंच असायचं.

1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याचं कलम 3 बाबांच्या बाजूने आहे. माणसाने हयातीत लेखी संमती दिली असेल आणि दोन साक्षीदारांपैकी निदान एक जवळचा नातेवाईक असेल, तर देह ज्याच्या ताब्यात आहे त्याने डॉक्टरांना अवयव काढू द्यायचे असतात. त्यांनी नंतर संमती मागे घेतली होती असं मानायला कारण असेल, तरच अडवता येतं. घरात कोण नाराज आहे हे कायदा इथे विचारत नाही.

फॉर्मच नसता तर गोष्ट उलटी झाली असती. तेव्हा निर्णय कुटुंबाचा, पण जवळच्या एकाही नातेवाइकाची हरकत आहे असं दिसलं तर दान होत नाही. जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण, आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं. आत्या बाबांची सख्खी बहीण असेल तर ती या यादीत बसते, तुमचे मामा बसत नाहीत. म्हणजे फॉर्म नसता तर आत्याच्या हरकतीला कायद्याचं बळ होतं, फॉर्ममुळे ते गेलं.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात फॉर्म असो वा नसो, घरच्यांची सही घेतल्याशिवाय आपल्याकडे कुणी पुढे जात नाही. बाबांनी भरला तो नमुना 7, आणि घरच्यांकडून वेळेवर भरून घेतात तो नमुना 8. दाराशी रडारड, भांडण चालू असताना कायद्याचं कलम वाचून दाखवणारा डॉक्टर मी तरी पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर तसं करू नये असंच माझं मत आहे. त्या दिवशी कुटुंबावर जबरदस्ती झाली तर त्या गावात पुढे कोण दान करेल? आणि बहुतेक ठिकाणी अडतं ते असल्या उघड विरोधावर नाही. ‘काका गावाहून निघालेत, ते आले की बघू’ यातच सकाळची संध्याकाळ होते. तोवर इकडे रुग्णाचा रक्तदाब उतरत असतो आणि अवयव खराब होत जातात.

आत्याची धास्ती ‘जिवंतपणीच काढतील’ ही असेल, तर तिला प्रक्रिया सांगा. मेंदू कायमचा बंद पडलाय, म्हणजे माणूस मेंदूमृत आहे, हे ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ असतं आणि त्यात प्रत्यारोपण करणाऱ्या टीमचं कुणी नसतं. तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तास. डोळ्यांत प्रकाश टाकतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, घशात नळी हलवून ठसका येतो का बघतात. शेवटी व्हेंटिलेटर काढून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात आणि छातीवर नजर लावून उभे राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड 60 च्या पुढे गेला तरी छाती हलत नाही, तेव्हा मेंदूमृत ठरवतात. मॉनिटरवर हृदयाचे ठोके मात्र दिसतच असतात. सगळा घोळ तिथे होतो. नातेवाईक विचारतात, ‘ठोके पडतायत, मग गेले कसे?’ हे नीट समजावायला वेळ द्यावाच लागतो.

चिरफाडीचं म्हणाल, तर ऑपरेशनसारखेच टाके घालून देह परत देतात. अवयवांसाठी देह सांभाळण्याचा खर्च कुटुंबाकडून घ्यायचा नाही, असा नियम आहे. बिलात तसं काही दिसलं तर तिथल्या तिथे विचारा. अपघाताची केस असेल तर पोलीस आणि पोस्टमॉर्टेम टळत नाही, पण त्यामुळे दान अडतंच असं नाही.

मृत्यू घरी झाला तर किडनी, यकृत यांचा प्रश्न येत नाही. डोळे आणि त्वचा देता येतात, दोन्ही साधारण सहा तासांत. पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि लगेच नेत्रपेढीला फोन करा.

आता हैदराबाद. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून संसदेला हा कायदा काही राज्यांच्या विनंतीवरून करावा लागला. सुरुवातीला तो गोवा, हिमाचल प्रदेश, महाराष्ट्र आणि केंद्रशासित प्रदेशांनाच लागू होता, बाकीची राज्यं ठराव करून आत येत गेली. महाराष्ट्रात त्याआधीही नेत्रपटल आणि किडनीसाठी राज्याचे वेगळे कायदे होते. आंध्रने 1995 मध्ये स्वतःचा कायदा केला आणि तेलंगणला तोच वारशाने मिळाला. 2025 मध्ये तेलंगणच्या विधानसभेने केंद्राचा कायदा स्वीकारायचा ठराव केला. तुमच्यापुरता मोठा फरक म्हणजे यंत्रणेचा. इथे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची विभागीय केंद्रं अवयवांचं वाटप बघतात, तिथे ‘जीवनदान’ ही सरकारी योजना.

मी तुमच्या जागी असतो तर नमुना 7 कागदावर पुन्हा भरून घेतला असता आणि साक्षीदार म्हणून सही आत्याची मागितली असती, बाबांच्या समोर, बाबांनाच बोलू देऊन. ती नाही म्हणाली तर तुम्ही करा, पण तिला माहीत असू दे. एक प्रत हैदराबादच्या भावाकडे आणि वहिनींकडेही द्या. रात्री-बेरात्री रुग्णालयात कागद शोधायची वेळ बहुधा त्यांच्यावरच येईल.